पेन कुणाच्या हातात? घरी इन्सुलिन घेणाऱ्या एका बाईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

६१ वर्षांच्या एक बाई. टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून, इन्सुलिन चार वर्षांपासून. ३०/७० मिश्र मानवी इन्सुलिन (३० टक्के लवकर आणि ७० टक्के संथ काम करणारं) पेनने दिवसातून दोनदा, सकाळी ३० युनिट आणि संध्याकाळी २२, सोबत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी. मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक, पायाला जखम नाही. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरी येणाऱ्या सिस्टर त्यांना मावशी म्हणत, म्हणून इथेही मावशीच म्हटलं आहे.

वर्षभरात एचबीए१सी ८.९ वरून १०.४ टक्क्यांवर गेलं होतं. हा आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो, त्यामुळे एखाद्या दिवशीच्या गोडधोडाने तो इतका वाढत नाही. या काळात डोस तीनदा वाढवला होता. कागदपत्रांत तीन वेगवेगळ्या तारखांना एकच नोंद होती: "पथ्य पाळत नाहीत. समुपदेशन केले." चौथ्यांदा डोस वाढवण्याआधी एकदा घर बघून यावं, असं ठरलं आणि प्रकरण सामुदायिक परिचारिकेकडे आलं.

"समुपदेशन केले" या नोंदीतून काय शिकवलं ते कळत नाही, आणि रुग्णाला त्यातलं काय जमलं हे तर त्याहून कळत नाही. त्यामुळे सिस्टरांच्या हाती नोंदी होत्या, पण माहिती काहीच नव्हती.

पहिली भेट

पहिला निर्णय वेळेचा होता. सोयीची वेळ सकाळी अकराची होती. सिस्टर संध्याकाळी सात वाजता गेल्या, कारण इंजेक्शन कसं दिलं जातं ते विचारून कळत नाही, समोर बघावं लागतं. मुलगा कामावरून आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजेक्शन तोच देत असे. "आईला जमणार नाही, तिला आकडे दिसत नाहीत," एवढं एक वाक्य चार वर्षं चालत आलं होतं.

त्याने फ्रिजमधून पेन काढलं. सुई आधीपासूनच लावलेली होती. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनमधल्या इन्सुलिनच्या नळीत, खाली पांढरा थर आणि वर स्वच्छ पाणी दिसत होतं. डायल २२ वर नेऊन तो बेंबीच्या उजवीकडे सुई टोचणार, तेवढ्यात सिस्टरांनी थांबवलं. "सुई तेवढी नवी लावू या," इतकंच त्या बोलल्या आणि दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब आल्याची खात्री केली. बाकी काही दुरुस्त केलं नाही. मुलाने बटण दाबलं आणि लगेच सुई बाहेर ओढली. सगळं मिळून वीस सेकंद. सुईच्या टोकावर एक टपोरा पांढुरका थेंब लोंबत राहिला. तो त्वचेखाली जायला हवा होता.

मग सिस्टरांनी पोटाला हात लावून बघू का, असं विचारलं. बेंबीच्या उजवीकडे सुमारे चार सेंटिमीटरचा रबरासारखा घट्ट भाग होता आणि वरची त्वचा थोडी चकचकीत झाली होती. त्यांनी मावशींचीच बोटं आधी तिथे आणि मग डाव्या बाजूला ठेवली.

"मला वाटलं चरबी आहे," मावशी म्हणाल्या.

"चरबीच आहे. रोज तिथेच टोचल्याने घट्ट झाली आहे. तिथलं इन्सुलिन रक्तात नीट जात नाही. कधी कमी जातं, कधी उशिरा."

"पण तिथे दुखत नाही, सिस्टर. म्हणून मीच त्याला तिथे सांगते."

पुढची सगळी उकल या वाक्यातून झाली. अशा गाठीत संवेदना कमी असते, म्हणून माणूस तीच जागा धरून बसतो. दुसऱ्या जागी दुखण्याचं कारणही घरातच होतं. पेन फ्रिजमधून काढून थेट टोचलं जायचं आणि थंड इन्सुलिन जास्त झोंबतं. सुईही आठ-दहा दिवस तीच असल्याने बोथट झालेली. बोथट सुई, थंड इन्सुलिन, वेदना, बधिर जागा, गाठ अशी ही साखळी होती. "जागा बदलत जा" हे त्यांना यापूर्वी दोनदा सांगितलं गेलं होतं, पण का बदलत नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

समस्या नेमकी कुठे होती

मुलगा आणि सून आत गेल्यावर सिस्टरांनी विचारलं, "साखर एकदम कमी झाल्याचं कधी आठवतं का?" मावशींनी दाराकडे बघितलं आणि मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पहाटे तीनला घामाने भिजून जाग आली होती. हातपाय थरथरत होते, हाक मारायला आवाज फुटत नव्हता. त्या रात्रीनंतर त्या रोज अकराच्या सुमारास, सगळे झोपल्यावर, काहीतरी खाऊन झोपत. मुलाला उशीर होई त्या दिवशी "सुनेने दिलं" असं सांगून संध्याकाळचं इंजेक्शन चुकवत. आठवड्यातून दोन-तीनदा असं होई. रागावतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

कागदावर जे "पथ्य पाळत नाहीत" म्हणून उतरलं होतं ते एका भ्यालेल्या बाईने स्वतःच्या जिवासाठी शोधलेलं संरक्षण होतं, आणि तिच्याजवळच्या माहितीपुरतं ते शहाणपणाचंही होतं. ही भीती ऐकून न घेता पथ्याचा धडा चौथ्यांदा दिला असता तर तोही वाया गेला असता.

म्हणजे साखर वाढायची कारणं एकावर एक साचली होती: गाठीत टोचणं, न मिसळलेलं इन्सुलिन, सुईवरून वाया जाणारे थेंब, चुकवलेले डोस आणि रात्रीचं खाणं. डोस अपुरा आहे, असं यातलं एकही कारण सांगत नव्हतं.

विचारात घेतलेले पर्याय

डोस आणखी वाढवणं हा दवाखान्याचा ठरलेला पुढचा टप्पा होता. इन्सुलिन शरीरात किती पोचतं हे माहीत नसताना तो वाढवणं धोक्याचं होतं. ज्या दिवशी चुकून चांगल्या जागी सुई लागेल, त्या दिवशी साखर कोसळली असती.

सिस्टरांनी रोज दोनदा येऊन इंजेक्शन देणं काही दिवसांपुरतं शक्य होतं, पण त्याची गरज नव्हती. परिचर्येच्या अभ्यासक डोरोथिआ ओरेम यांच्या स्वयंकाळजीच्या मांडणीत परिचर्येचे तीन स्तर आहेत: रुग्णासाठी सगळं करणं, काही करणं, आणि रुग्ण स्वतः करत असताना शिकवणं व पाठीशी उभं राहणं. मावशींचे हात चालत होते, बुद्धी तल्लख होती. तरी घराने त्यांना पहिल्या स्तरावर बसवून ठेवलं होतं. सिस्टरही रोज आल्या असत्या तर त्या समजुतीवर शिक्काच बसला असता.

मुलालाच नीट शिकवणं हा मार्ग सर्वांत सोपा दिसत होता. पण या इन्सुलिनची वेळ जेवणाशी बांधलेली असते. मिश्र मानवी इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यावं लागतं, आणि इथे ती वेळ मुलाच्या परतण्यावर अवलंबून होती. तो कितीही चांगलं शिकला तरी हा पेच सुटला नसता.

दिवसातून एकदाच घ्यायच्या इन्सुलिनवर जाण्याचा पर्याय डॉक्टरांचा होता. तो नाकारला नाही, पुढे ढकलला. सध्याचं इन्सुलिन नीट पोचलं तर काय होतं, ते आधी बघायचं ठरलं.

उरला तो मावशींनी स्वतः इंजेक्शन घेण्याचा पर्याय. तो निवडताना सिस्टरांनी आधी त्यांनाच विचारलं, "यातलं कोणतं काम तुमच्या हातात असावंसं वाटतं?" मावशींनी इंजेक्शन नाही मागितलं. "पहाटे तसं झालं तर काय करायचं ते मला यायला हवं," असं त्या म्हणाल्या. म्हणून शिकवण्याची सुरुवात तिथून झाली.

काय शिकवलं आणि कोणत्या क्रमाने

पहिल्याच भेटीत साखर कमी होण्याची लक्षणं आणि उपाय. ग्लुकोमीटरवर ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला, किंवा घाम, थरथर, धडधड जाणवली आणि मोजता आलं नाही, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे भरून, पाण्यात ढवळून प्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून ७० खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा. सावरल्यावर, जेवणाला वेळ असेल तर थोडं खाऊन घ्यायचं. साखरेची डबी आणि पाणी उशाशी ठेवायचं, स्वयंपाकघरात नाही. मोजण्याआधी हात धुवायचे, कारण बोटाला साखर लागलेली असेल तर आकडा खोटा मोठा येतो.

"समजलं का?" असं विचारलं की उत्तर नेहमी "हो" येतं. म्हणून सिस्टरांनी म्हटलं, "उद्या नातीने विचारलं, आजी, तुला असं झालं तर तू काय करशील, तर तिला कसं सांगाल?" मावशींनी सगळं सांगितलं, फक्त १५ मिनिटांनी पुन्हा मोजणं राहिलं. ते पुन्हा घेतलं.

दुसऱ्या भेटीत पेन. नुसतं वाचून दाखवण्याऐवजी मीठ-पाण्याच्या सराव-कार्ट्रिजवर आणि फोमच्या तुकड्यावर सहा वेळा करून घेतलं. आत्मविश्वास कशाने वाढतो, याची मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी चार कारणं मांडली आहेत. त्यांत सर्वांत भक्कम म्हणजे स्वतः करून यशस्वी होण्याचा अनुभव. शाबासकी त्याच्या बरीच मागे येते.

वापरातलं पेन फ्रिजबाहेर, उन्हापासून लांब ठेवायचं. किती आठवडे चालतं ते कंपनीच्या पत्रकात बघायचं आणि पेन उघडल्याची तारीख त्यावर चिकटवायची. पेन तळहातांमध्ये १० वेळा फिरवायचं, मग १० वेळा वरखाली कलवायचं. आतली काचेची गोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली पाहिजे आणि द्रव सगळीकडे सारखा दुधाळ दिसला पाहिजे. खसखसून हलवायचं नाही, फेस होतो. नवी सुई, दोन युनिट हवेत, मग डोस. चार मिलिमीटरची सुई सरळ ९० अंशात टोचायची, चिमटा घ्यावा लागत नाही. टोचून झाल्यावर सुई काढून टाकायची. लावून ठेवली तर हवा आत जाते आणि इन्सुलिन गळतं. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत.

बटण दाबून १० सेकंद थांबायला सांगितलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मावशी दहापर्यंत मोजत, पण चार सेकंदांत. टोकावर पुन्हा थेंब. मग भिंतीवरचं घड्याळ कामाला आलं. जवळचं दिसत नसलं तरी त्यांना लांबचं स्वच्छ दिसत होतं. सेकंदकाटा दोन अंक पुढे जाईपर्यंत बटण दाबून धरायचं. त्यानंतर थेंब आला नाही.

डायलवरचा आकडा हीच खरी अडचण होती. "कट-कट आवाज मोजून घ्या" ही युक्ती बरेच जण सुचवतात, सुनेनेही सुचवली. सिस्टरांनी ती नाकारली. मोजताना एखादा आवाज निसटतो, म्हणून पेनचे उत्पादकही आवाजावर विसंबू नका, असंच सांगतात. खिडकीशी बसायची जागा, वरून दिवा आणि दांड्याचं भिंग एवढ्यावर काम भागलं. डोळे तपासायला पाठवलं तेव्हा समजलं की चष्म्याचा नंबर सहा वर्षांपूर्वीचा होता.

जागा बदलण्यासाठी पोटाचं साधं चित्र काढून चार चौकोन केले. एका आठवड्यात एक चौकोन, घड्याळाच्या दिशेने. दोन टोचण्यांत निदान एक सेंटिमीटर अंतर, बेंबीपासून दोन बोटं दूर. गाठीचा भाग लाल रंगवला: इथे बंद.

चौथा दिवस

दुसऱ्या भेटीनंतर चौथ्या दिवशी पावणेबाराला मावशींना घाम सुटला. ग्लुकोमीटरवर ५२. घरात कुणी नव्हतं. त्यांनी तीन चमचे साखर घेतली, घड्याळ बघितलं, १५ मिनिटांनी ७८ आल्यावर जेवून घेतलं आणि मग सिस्टरांना फोन केला.

मावशींचं काहीच चुकलं नव्हतं, सगळं बरोबर केल्यामुळेच हे झालं. गाठ सोडली, इन्सुलिन नीट मिसळलं, थेंब वाया जाणं थांबलं, डोस चुकणं थांबलं. चारही दुरुस्त्या एकाच दिशेने गेल्या आणि दिवसाच्या ५२ युनिटांपैकी (सकाळचे ३०, संध्याकाळचे २२) आता खरोखरच ५२ युनिट शरीरात पोचू लागले. आधीचा डोस वाया जाणाऱ्या इन्सुलिनवर बेतलेला होता. गाठीतून चांगल्या जागी जाताना डोस कमी करावा लागू शकतो हे सिस्टरांना माहीत होतं. डॉक्टरांना त्या आठवड्याच्या बैठकीत सांगणार होत्या, पण बैठक सहाव्या दिवशी होती.

शिकवणं म्हणजे नुसतं बोलणं, त्याने काय अपाय होणार, अशी समजूत आपल्या कामात खोल रुजलेली आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला दिलेला धडा डोस बदलण्याइतकाच परिणाम करतो. हा प्रसंग निभावला तो एकाच कारणाने: साखर कमी झाल्यावर काय करायचं ते आधी शिकवलं होतं. क्रम उलटा असता, आधी पेन आणि मग बाकीचं, तर रिकाम्या घरात ५२ चा आकडा कुठवर उतरला असता, ते सांगता येत नाही.

त्याच दुपारी डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. डोस सकाळी २४ आणि संध्याकाळी १८ केला, जवळपास एक पंचमांश कमी. पुढचे दोन आठवडे रोज न्याहारीआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजणं, आणि दोनदा पहाटे तीनला. पहाटेचे आकडे ११८ आणि १३१ आले. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर मावशींनी अकराचं खाणं आपणहून सोडलं. त्यांना "खाऊ नका" असं त्या आठवड्यात कुणी म्हटलंही नव्हतं.

मुलाचं म्हणणं

५२ च्या प्रसंगानंतर मुलगा चिडला. "चुकलं तर जबाबदार कोण, सिस्टर? चार वर्षं मी करत होतो, असं कधी झालं नव्हतं." प्रश्न रास्त होता. चार वर्षं रोज दमून आल्यावर त्याने हे काम केलं होतं आणि आता ते एका चित्राच्या कागदावर हिरावलं गेल्यासारखं त्याला वाटत होतं. सिस्टरांनी वाद न घालता सुईवरचा थेंब, गाठ आणि जुन्या डोसचं गणित त्याच्यापुढे मांडलं.

मग मावशींना स्वतः करता येणार नाही असं काम त्याला आणि सुनेला दिलं. आई बेशुद्ध पडली किंवा गिळता येईना तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, रुग्णवाहिका बोलवायची, आणि डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (रक्तातली साखर वाढवणारं इंजेक्शन) लिहून दिलं असेल तर ते टोचायचं. दोघांनी ते जमिनीवर करून दाखवलं. ग्लुकोमीटरची मेमरी रोज तपासायचं काम मुलगा स्वतःहून मागत होता. ते त्याला दिलं नाही, कारण त्याने पुन्हा लपवालपवी सुरू झाली असती. मावशींना वाटलं तर त्या दाखवतील, असं ठरलं.

मावशी स्वतः काय ठरवू शकतात, तेही डॉक्टरांच्या संमतीने लिहून दिलं: जेवण पुढे गेलं तर इन्सुलिनही पुढे, साखर ७० खाली असेल तर आधी उपाय, मग फोन, ताप किंवा उलट्या असतील तर इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही, जास्त वेळा मोजायचं आणि त्याच दिवशी कळवायचं. युनिट बदलणं डॉक्टरांकडेच राहिलं.

परिणाम

तीन आठवड्यांनी मावशी सकाळचं इंजेक्शन कुणाच्याही आठवणीशिवाय घेऊ लागल्या, पाचव्या आठवड्यात संध्याकाळचंही. तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.३, सहा महिन्यांनी ७.७. डोस हळूहळू २६ आणि १८ वर स्थिरावला, म्हणजे सुरुवातीपेक्षा आठ युनिट कमी. ७० खालचा आकडा सहा महिन्यांत आणखी दोनदा आला, ६६ आणि ६३. दोन्ही वेळा घरीच निभावलं.

मधे एक घसरण झाली. भेटी आठवड्यावरून एकदम महिन्यावर नेल्या आणि नवव्या आठवड्यात सकाळचे आकडे पुन्हा २०० च्या वर गेले. हात लावून बघितल्यावर गाठीवर ताज्या टोचल्याच्या खुणा दिसल्या. सुया संपत आल्या म्हणून एकच सुई पाच दिवस चालली, दुखायला लागलं, आणि हात जुन्या जागी गेला. तीच साखळी, तेच पहिलं कडं. दहा सुया उरल्या की नव्या मागवायच्या, अशी खूण डबीवर केली.

वेगळं काय करता आलं असतं

जागा बदलायला शिकवण्याआधी डॉक्टरांना फोन व्हायला हवा होता, बैठकीची वाट न बघता. चार दुरुस्त्या एका भेटीत करण्याऐवजी आधी मिसळणं आणि १० सेकंद, मग आकडे बघून जागा, असंही करता आलं असतं. ते जास्त सुरक्षित ठरलं असतं. मुलाशी बोलणं दुसऱ्या भेटीच्या आधी व्हायला हवं होतं. डोळ्यांची तपासणी पहिल्या आठवड्यात झाली असती तर भिंगाची खटपट कमी झाली असती. आणि भेटी साप्ताहिकवरून पंधरवड्याच्या, मग महिन्याच्या करायला हव्या होत्या.

नोंदवहीत बदल केला आहे. "समुपदेशन केले" याऐवजी प्रत्येक कृतीपुढे तीनपैकी एक शब्द: सोबतीने, आठवण दिल्यावर, स्वतः. मावशींच्या पानावर सहाव्या महिन्यात एकच कृती "आठवण दिल्यावर" मध्ये उरली होती, आठवड्यातून एकदा अंघोळीच्या वेळी साबणाच्या बोटांनी पोट चाचपणं. त्या भेटीत सिस्टरांनी हात पुढे केला, तर मावशींनी तो बाजूला सारून स्वतःच बेंबीच्या उजवीकडे बोटं फिरवली. "मऊ झालंय," त्या म्हणाल्या. "पण काठ अजून लागतो. तिथे अजून बंद." चित्रावरचा लाल भाग तसाच ठेवला आहे.